शून्याखालचा खळगा

१

लेझर चालू केला की स्थिरावायला तो अर्धा तास घेतो. त्या अर्ध्या तासात धाकटीची कामं ठरलेली असत. दाबमापकाचा काटा बघायचा, भिंगांवरची धूळ फुंकणीने उडवायची, वहीत तारीख टाकायची आणि चहा गार व्हायच्या आत संपवायचा. शेवटचं काम तिला तीन वर्षांत एकदाही जमलं नव्हतं.

धाकटी हे नाव तिला दादामुळे चिकटलं. दादा शहराबाहेरच्या सांडपाणी प्रकल्पावर ऑपरेटर. दर शुक्रवारी तिथल्या पाण्याचे नमुने घेऊन तोच प्रयोगशाळेत यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "आमची धाकटी आहे का?" ते सगळ्यांनी उचललं. पीएचडीचं तिसरं वर्ष सरत आलं, तरी तिची बढती काही झाली नाही.

टेबलाच्या मधोमध सेल होती. सेल म्हणजे मुठीएवढा पोलादी ठोकळा. पोटात चमचाभर पाणी मावेल एवढी पोकळी आणि दोन्ही बाजूंना शर्टाच्या बटणाएवढ्या हिऱ्याच्या खिडक्या. आतलं पाणी चारशे अंशांपर्यंत तापवलं आणि त्याच्यावर तीनशे वातावरणांचा दाब टाकला, की ते पाणी राहत नाही आणि वाफही होत नाही. दोन्हींच्या मधलंच काहीतरी होतं. त्यात प्राणवायू सोडला की ते तेल जाळतं, रंग जाळतं, विषसुद्धा जाळतं. दादाच्या प्रकल्पावर खोलीएवढ्या भांड्यात हेच होणार होतं. सोमवारपासून कारखान्यांचं विषारी पाणी त्यात सोडायचं होतं. त्याआधी भांड्यातलं पाणी शुद्ध असल्याच्या कागदावर धाकटीची सही हवी होती.

तपासायची रीत साधी होती. हिरवा लेझर खिडकीतून आत सोडायचा. पाण्यावर आदळून परत येणाऱ्या प्रकाशात प्रत्येक पदार्थाची खूण उमटते. पडद्यावरच्या रेघेवर ती शिखरासारखी उभी राहते. मात्र पाण्याची स्वतःची शिखरं, खिडकीची शिखरं हा गोंधळ त्यात असतोच. म्हणून तेलवाला जसं आधी रिकाम्या डब्याचं वजन करून ठेवतो आणि नंतर ते वजा करतो, तशी शुद्ध पाण्याची एक रेघ आधीच घेऊन ठेवलेली असे. तिला ते ब्लँक म्हणत. नमुन्याच्या रेघेतून ब्लँक वजा केला की उरेल ती घाण. काही उरलं नाही, तर रेघ सपाट.

त्या बुधवारी धाकटीने नमुना भरला, तासाभराची सरासरी घेतली, ब्लँक वजा केला आणि कप तोंडाशी नेतानाच थांबली.

रेघेवर शिखर नव्हतं. एकोणतीसशेच्या आकड्यापाशी रेघ खाली गेली होती. शून्याच्या खाली, बोट बुडेल असा खळगा.

तेलाने भरलेला डबा रिकाम्या डब्याहून हलका भरावा, तसं.

२

"काका, सेलला हात कुणी लावला?"

पानेकाकांच्या कानामागे पेन्सिल आणि खिशात पाना कायम असायचा. सेलचे बोल्ट आवळायचा अधिकार प्रयोगशाळेत त्यांच्याशिवाय कुणाला नव्हता. तीस वर्षं ते तिथे होते.

"मी लावला. तू लावलास. आणखी कोण लावणार? पंतप्रधान?"

"चेष्टा नको. एकोणतीसशेपाशी गडबड आहे. तिथे चरबीची खूण येते. हाताचं तेल, थुंकी, घाम, जे जे म्हणून जिवंत त्याची चिकटाई तिथेच दिसते."

"म्हणजे माझे हात घाणेरडे."

"घाणेरडे असते तर शिखर आलं असतं. इथे खड्डा पडलाय."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवून पडद्याकडे पाहिलं. "मग चांगलंच की. होतं त्याहून स्वच्छ झालं."

तिला तेच खुपत होतं. वजाबाकी खाली जाते याचा अर्थ एकच: जे वजा केलं, त्यातलं काहीतरी आता तिथे नाही. म्हणजे ब्लँकमध्येच, शुद्ध पाण्याच्या त्या रेघेतच, एकोणतीसशेपाशी काहीतरी होतं. आणि प्रत्येक नमुन्यातही ते होतं, सारखंच, म्हणून वजाबाकीत ते इतकी वर्षं बिनबोभाट नाहीसं होत आलं होतं. सील बदलल्यानंतरचा हा पहिलाच नमुना, आणि त्यात ते नव्हतं.

झाकणातून गळती होऊ नये म्हणून बसवलेलं ते सील तिनेच बदलायला लावलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी.

"सील बदलताना तू सेल पूर्ण उपसलीस," पाना पुसत काका म्हणाले. "मी सांगितलं होतं, नको."

"का नको, ते नव्हतं सांगितलंत."

"मलाही कुणी सांगितलं नव्हतं. चिठ्ठी होती, मी पाळत आलो. चिठ्ठी फाडली कुणी?"

सेलच्या झाकणाला एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली असे: *सेल रिकामी करू नये. हाच ब्लँक वापरावा.* आधीचीच्या अक्षरातली. आधीची म्हणजे अकरा वर्षांपूर्वी ही सेल वापरणारी संशोधक. नवा नमुना एका नळीतून आत ढकलायचा, जुना दुसऱ्या नळीतून बाहेर पडतो, सेल कधी कोरडी पडत नाही. ही पद्धत तिचीच. धाकटीला तो शुद्ध आळस वाटला होता. कारण न सांगता घातलेला नियम म्हणजे अंधश्रद्धा, असं काकांना ऐकवून तिने चिठ्ठीचा बोळा केला होता.

"कशी होती हो ती?"

"हुशार. तुझ्यासारखी तोंडाळ नव्हती." काकांनी पाना खिशात टाकला. "एक चमत्कारिक सवय होती. खिडकीशी वाकताना श्वास रोखून धरायची. मी हसायचो. म्हणायचो, बाई, पाण्यात पोहतेयस का?"

"मग ती काय म्हणायची?"

"काय म्हणणार? श्वास रोखलेला असायचा ना."

३

ब्लँकच्या फाइलवर तारीख अकरा वर्षांपूर्वीची होती. त्यानंतर तिला कुणी हात लावल्याची नोंद नव्हती. तरी धाकटीने दोन जुन्या प्रती शोधून ताडून पाहिल्या. तिन्ही जुळल्या. संशयाला टेकायला जागाच उरली नाही, की संशय जास्तच फोफावतो.

ती सरांकडे गेली. सर दारात कुणी उभं राहिलं की आधी घड्याळ बघायचे.

"नवा ब्लँक घ्यायचाय, सर."

"सोमवारी सुरुवात आहे आणि तुला आज नवा ब्लँक सुचतोय?"

"जुना खोटा आहे."

सरांनी पेन खाली ठेवलं. "खोटा हा शब्द जपून वापर. अकरा वर्षांचे सगळे निष्कर्ष त्या ब्लँकवर उभे आहेत. माझे आणि तुझेही."

"म्हणून तर! शुद्ध पाण्यात जे असायला नको, ते आपण अकरा वर्षं वजा करत आलो. डोळे मिटून."

"आणि आता ते नाही, असं तूच म्हणतेस."

"हो."

"मग पाणी पूर्वीपेक्षा शुद्ध आहे." ते हसले, पण हसू ओठांवरच राहिलं. "तुझी तक्रार काय, पाणी फार स्वच्छ आहे? तसा अर्ज लिहून दे. मी फ्रेम करून लावतो."

बाहेर पडताना तिचे कान तापले होते. माणसं सत्याला घाबरत नाहीत, फेरतपासणीला घाबरतात, हे ती पहिल्या वर्षापासून तावातावाने सांगत आली होती. पण जिना उतरताना तिच्या लक्षात आलं, की सरांनी एकदाही विचारलं नाही, ते काय होतं. आणि तिनेही स्वतःला दुसराच प्रश्न विचारला होता: ते गेलं कुठे?

त्याचं उत्तर मात्र तिला ठाऊक होतं. उपसलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, हा तिचा नियम होता. नमुने प्रकल्पाचे, तेव्हा वापरलेलं पाणी डब्यात भरून प्रकल्पालाच परत द्यायचं. या नियमासाठी ती आख्ख्या विभागाशी भांडली होती. तीन आठवड्यांपूर्वीचा डबा दादाच घेऊन गेला होता.

४

"टाकीत ओतला," दादा फोनवर म्हणाला. मागे पंपांची घरघर होती. "तूच सांगितलं होतंस ना, पर्यावरणाच्या महाराणी? सगळे डबे मी टाकीत ओततो. तिथून भांड्यात जातं."

"त्यानंतर काही वेगळं जाणवलं?"

"वेगळं म्हणजे?"

"दाब, तापमान, आवाज, काहीही."

"नाही गं. आकडे एकदम शहाण्यासारखे. साधंच पाणी फिरवतोय अजून." तो थांबला. "काच तेवढी धुरकटते."

"कुठली काच?"

"भांड्याला बघायला खिडकी नाही का? बाटलीच्या बुडाएवढी. तिच्यावर वाफ धरते. पुसली तरी जात नाही. आतून आहे ती."

धाकटीने फोन दुसऱ्या कानाला लावला. "दादा, ती काच आतून चारशे अंशांवर आहे. तिच्यावर वाफ धरूच शकत नाही."

"तुझं पुस्तक तिला वाचायला दे मग. माझं नाही ऐकत."

"सारखी असते?"

"नाही ना. तीच तर गंमत." दादाचा आवाज उगाचच उतरला. "जवळ गेलं की येते."

५

शनिवारी दुपारी बाराला ती प्रकल्पावर पोचली. उन्हाने पत्र्याचं छप्पर तडतडत होतं. भांडं हॉलच्या टोकाला आडवं निजवलं होतं, उष्णता अडवणाऱ्या कापसासारख्या जाड आवरणात गुंडाळलेलं, एखाद्या आजाऱ्यासारखं. जवळ जाताच अंगावर धग आली.

दादाने तिच्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं आणि पट्टा हनुवटीखाली आवळला. ती सहा वर्षांची असताना शाळेत जाताना टोपी बांधायचा, तसाच. "आई विचारत होती, जेवतेस की नाही."

"जेवते. खिडकी दाखव."

खिडकीमागून दिवा लावलेला होता. काच स्वच्छ होती आणि पलीकडे नुसता पिवळसर उजेड. धाकटीने सुटकेचा श्वास टाकला. खनिजांचा थर असेल, कडेला गारवा असेल. गाडीतून येताना तिने सात कारणं मनाशी मांडून ठेवली होती.

"आता बघ हं," असं म्हणून दादा काचेसमोर जाऊन उभा राहिला.

काचेवर डाग उमटला. आतल्या बाजूला. लहानसा, मऊ कडांचा, दादाच्या तोंडासमोर. तो पसरला, आक्रसला, पुन्हा पसरला.

थंडीच्या सकाळी काचेला नाक लावून मूल बाहेर बघतं, तेव्हा काचेवर असाच डाग येतो.

"रात्रपाळीवरचा बुटका ऑपरेटर म्हणतो, त्याला खालच्या बाजूला दिसतो," दादा म्हणाला. "आता गंमत बघ." त्याने गाल फुगवले आणि श्वास कोंडून धरला. डोळे वटारून तिच्याकडे पाहिलं, लहानपणी तिला हसवायला करायचा तसं.

डाग होता तिथेच थांबला. वाढेना की घटेना.

दादाने फुस्स करून श्वास सोडला. डाग फुलला.

"बाजूला हो."

"अगं, प्रतिबिंब असेल काहीतरी..."

"दादा, बाजूला हो!"

तिने त्याला दंडाला धरून ओढलं. काच क्षणभर मोकळी झाली. मग दादाच्या उंचीहून वीतभर खाली, थेट तिच्या तोंडासमोर, नवा डाग हळूच उमटला. आणि हा पहिल्यापेक्षा मोठा होता. जणू आत जे कुणी होतं, ते तिच्यासाठी जास्त जवळ आलं होतं.

ती वाकून बघत राहिली नाही. नमुन्याच्या नळाशी गेली, बाटली लावली आणि थंड होऊन येणारं पाणी त्यात भरलं. बूच घट्ट बसवताना तिचे हात स्थिर होते याचं तिला नवल वाटलं. नेमून दिलेलं काम करताना ते नेहमीच स्थिर असत.

"सोमवारी सुरू नाही करायचं," ती म्हणाली. "मी सही देणार नाही."

"कारण काय लिहिशील?"

तिने बाटलीवर तारीख टाकली. दादा तिच्या हेल्मेटवर टिचकी मारून म्हणाला, "सोमवारपासून दिवसाचे आठ तास मला या काचेसमोरच काढायचेत, शहाणे. तेव्हा लिहिशील ते नीट लिही."

६

प्रयोगशाळेत परतेपर्यंत तीन वाजले. सोमवारचा कागद हवा म्हणून सर शनिवार असूनही थांबले होते. काकाही होते. बाटलीतलं पाणी पंपाने सेलमध्ये गेलं. काटा तीनशेवर चढला, तापमान चारशेवर. पाणी आणि वाफ यांच्या काठावर पोचताच खिडकीतलं पाणी नेहमीसारखं दुधाळ झालं आणि पुन्हा निवळलं. धाकटीने तासाभराची सरासरी लावली आणि खुर्ची मागे ओढून बसली.

तिला शिखर हवं होतं. एकोणतीसशेपाशी एक घसघशीत, भांडता येईल असं शिखर. सरांच्या टेबलावर आपटता येईल असं.

पावणेपाचला रेघ आली. सपाट.

टाचणीएवढा उंचवटा नाही. आणि खळगाही नाही. अकरा वर्षं यायची तशीच, टोकापासून टोकापर्यंत सरळ.

"शाब्बास!" सर तिच्या मागे येऊन उभे होते. "गेला तुझा खड्डा. मशीनचा रुसवा होता. आता सही कर आणि घरी जाऊन झोप."

काकांनी टाळी वाजवली. धाकटी रेघेकडे बघत राहिली. खळगा भरला होता. जे गेलं होतं, ते बाटलीतून परत आलं होतं. ब्लँकमध्ये होतं तेवढंच, तोळाभर कमी नाही की जास्त नाही. म्हणून वजाबाकी चोख शून्य.

तिने दादाला फोन लावला.

"काचेजवळ जा."

"अगं, पाळी संपत..."

"जा ना रे. अगदी जवळ. वीतभर अंतरावर."

पावलांचा आवाज आला. पंपांची घरघर वाढली. मग दादाने श्वास सोडल्याचा आवाज आला.

"दादा?"

"स्वच्छ आहे," दादा म्हणाला. "तू बाटली घेऊन गेलीस आणि तेव्हाच निवळली. आत्ताही काही नाही. माझंच थोबाड दिसतंय. श्वास सोडून बघितला. काही नाही. काय केलंस तू?"

"काही नाही," ती म्हणाली.

तिच्या बाजूला काका झाकणाचा डबा घेऊन उभे होते. "संपलं ना? उपसून भरू? दादाबरोबर परत पाठवायचं. तुझाच नियम आहे."

"नको!"

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. ती ओरडली होती.

"नको, काका," ती हळू म्हणाली. "राहू दे. रिकामी नाही करायची."

काकांनी डबा खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर हेच वाक्य अकरा वर्षांपूर्वी ऐकलेल्या माणसाचं ओशाळं समाधान होतं.

७

कागदावर एकच प्रश्न होता: प्रकल्पाच्या भांड्यातलं पाणी शुद्ध आहे का. आता ते शुद्ध होतं. धाकटीने सही केली. एक अक्षर खोटं लिहिलं नाही. तिला वाटलं होतं, खोटं बोलायला माणसाला खोटं लिहावं लागतं.

सर कागद घेऊन गेले. काका कुलपाची किल्ली टेबलावर ठेवून गेले. खिडकीबाहेर अजून लख्ख ऊन होतं. मैदानावर कुणीतरी चेंडू भिंतीवर आपटत होतं, ठप, ठप.

धाकटीने कोरी चिठ्ठी घेतली आणि लिहिलं: *सेल रिकामी करू नये. हाच ब्लँक वापरावा.* खाली कारण लिहायला पेन टेकवलं. पुढे कधीतरी कुणी घाईची, तोंडाळ पोरगी येईल, तिला कारण लागेल. पेन तसंच टेकलेलं राहिलं, शाईचा ठिपका मोठा होत गेला. शेवटी तिने चिठ्ठी तशीच झाकणाला चिकटवली.

तिला निघता आलं असतं. पण जे तपासून पाहता येतं ते न पाहता उठायची सवय तिने लावून घेतली नव्हती.

पडद्याच्या कोपऱ्यात दोन चौकटी होत्या, दोन्हींवर खूण. एक वजाबाकीची. दुसरी सरासरीची, तासाभराची हालचाल पाटा फिरवल्यासारखी एकसारखी करून टाकणारी. अकरा वर्षांत कुणी त्या एकदम काढल्या नव्हत्या. काढायचं कारणच नव्हतं. तिने आधी एक खूण काढली, मग दुसरी.

एकोणतीसशेपाशी शिखर होतं. ते वर चढत होतं आणि खाली उतरत होतं. चढत होतं, उतरत होतं. दर सेकंदाला नवी रेघ येत होती आणि त्या रेघांतून ते सावकाश वर-खाली होत होतं, झोपलेल्या माणसाच्या पांघरुणासारखं.

तिने घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला सोळा. मग दुसरा हात छातीवर ठेवून मोजलं. सोळा.

योगायोग, तिने स्वतःला बजावलं. सोळा हा काही दुर्मीळ आकडा नाही. पंपाचा ठोका असेल. तिने पंप बंद केला. शिखर चढत होतं, उतरत होतं. चढताना तिची छाती भरत होती, उतरताना रिकामी होत होती. कोण कुणाच्या मागे, ते कळायला एकच मार्ग होता, आणि तो आधीचीलाही ठाऊक असावा.

धाकटीने छाती भरून घेतली आणि श्वास रोखला.

शिखर वर जाऊन थांबलं. बाहेरचा चेंडू थांबला होता. दहा. वीस. रेघा येत होत्या, एकासारखी एक. तीस. म्हणजे ते माझ्या मागे आहे, तिने विचार केला, ते माझी नक्कल करतंय, मी रोखला म्हणून त्याने रोखला. चाळीस. कानांत ठोके वाजायला लागले. तिने दात आवळले. ती सोडणार नव्हती. अजून दहा सेकंद ती सहज काढू शकत होती, तेवढं तिच्या छातीत होतं, तिला खात्री होती.

पडद्यावरचं शिखर खाली उतरलं.

मग तिचा श्वास सुटला.